थेंबांच्या दोन बाटल्या आणि प्रोस्टाग्लँडिनचा इतिहास

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सूज येऊ नये म्हणून डायक्लोफेनॅक, ब्रोमफेनॅक किंवा नेपाफेनॅकचे थेंब दिले जातात. पेशंटला काचबिंदूही असला, की डोळ्यातला दाब उतरवणारं रात्रीचं लॅटानोप्रॉस्ट अनेकदा आधीपासून चालू असतं. पहिलं औषध प्रोस्टाग्लँडिन (शरीरातच तयार होणारं, सूज आणणारं रसायन) तयारच होऊ देत नाही, आणि दुसरं त्याच प्रोस्टाग्लँडिनच्या घराण्यातलं! मग एक दुसऱ्याचा परिणाम मारतं का?

ॲस्पिरिनसारखी औषधं (डायक्लोफेनॅक त्यातलंच) प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. तोवर नेत्रतज्ज्ञांच्या लेखी प्रोस्टाग्लँडिन खलनायकच होतं: सशाच्या डोळ्यात जास्त मात्रेत गेलं की लाली, सूज आणि वाढलेला दाब. कोलंबिया विद्यापीठातले लास्लो बिटो मात्र त्यावर अडून राहिले. १९७७ मध्ये कार्ल कॅमरस आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवलं, की मात्रा कमी ठेवली तर सशाच्या डोळ्यातला दाब उलट उतरतो. पुढे मांजरी आणि माकडांवरही तेच दिसलं. त्यातूनच लॅटानोप्रॉस्ट आलं. अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं. (बिटो नंतर हंगेरीत कादंबरीकार म्हणून गाजले.)

लॅटानोप्रॉस्ट डोळ्यातलं पाणी सिलियरी स्नायूच्या तंतूंमधून बाहेर जाण्याची वाट मोकळी करतं. त्यातलं थोडं काम डोळ्यात नव्याने तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनमार्फत होत असावं, असा तर्क आहे. शंकेचं मूळ इथेच. जपानमध्ये निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासांत सूजरोधक थेंबांमुळे दाब थोडा कमी उतरल्याचं आढळलं. इतर काही अभ्यासांत फरकच पडला नाही, तर काहींत दाब उलट जास्त उतरला. शिवाय १९९९ मध्ये नागोयाच्या केन्साकू मियाके यांच्या गटाला दिसलं, की ऑपरेशननंतर लॅटानोप्रॉस्टमुळे दृष्टिपटलाच्या मध्याला येणारी सूज डायक्लोफेनॅकने टळते आणि दाब उतरायचाही थांबत नाही. थोडे दिवस दोन्ही औषधं सोबत देण्यावर म्हणूनच सरसकट बंदी नाही. दोन थेंबांत निदान ५ मिनिटं ठेवायला सांगतात, पण ते पहिला थेंब धुऊन जाऊ नये म्हणून.

माझ्या मते जास्त धास्ती त्याच पिशवीतल्या तिसऱ्या बाटलीची, म्हणजे स्टेरॉइडची, घ्यावी. ते थेंब काही जणांचा दाब खरोखर चढवतात, हे १९६० च्या दशकापासून पक्कं माहीत आहे. तरीही डोळे लाल झाले की जुनीच चिठ्ठी दाखवून ते पुन्हा आणले जातात आणि दाब कुणी मोजत नाही.