जुने सँडविचचे दुकान : गाळा एकाचा, नाव कोणाचे?

सोलापुरातील एखाद्या जुन्या सँडविचच्या दुकानात भावाभावांच्या वाटण्या झाल्या की शहरात एकाच नावाच्या दोन पाट्या दिसू लागतात. एक नवी पेठेसारख्या जुन्या बाजारात राहते, दुसरी जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याच्या बाजूला लागते, आणि दोन्हींवर जुनेपणाचा दावा असतो. गिऱ्हाईक चव पाहून आपला निर्णय करते. कुटुंबाचा मात्र तो लवकर होत नाही, कारण गाळा, नाव आणि परवाना या तिन्ही गोष्टी कायद्याने तीन वेगवेगळ्या वाटांनी पुढच्या पिढीकडे जातात. वादाचे मूळ तेथे आहे.

दूरचा इतिहास थोडक्यात पुरे. १८६० मध्ये सोलापुरात रेल्वे आली, १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे अनेक दशके शहराचे खाणेपिणे गिरणीच्या पाळ्यांना धरून होते. त्यात टिकाऊ असलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोयीची पडत असे. चटणी, बटाटा, काकडी, टोमॅटो आणि बीट घातलेले सँडविच मुंबईच्या हातगाड्यांवर घडले आणि तेथून इतर शहरांत पसरले. ते कौटुंबिक धंदा म्हणून रुजण्याचे कारण त्याच्या कामाच्या विभागणीत आहे. त्याला आचारी लागत नाही, मोठी भट्टी लागत नाही. बटाटे आणि बीट उकडणे, कोथिंबीर निवडणे, हिरवी चटणी वाटणे ही कामे घरात उरकता येतात. दुकानात काप करणे, लोणी लावणे आणि हातात धरायचा ॲल्युमिनियमचा टोस्टर शेगडीवर फिरवणे एवढेच उरते. पाव आणि ॲल्युमिनियमची घरगुती भांडी या दोन्ही वस्तूंचे उत्पादन दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होते, आणि हे आरक्षण अगदी शेवटच्या २० वस्तूंबरोबर एप्रिल २०१५ मध्ये उठले. थोड्या भांडवलावर आणि घरच्या माणसांच्या बळावर उभा राहणारा हा व्यवसाय होता. त्यामुळेच कोणाचे श्रम किती, याची नोंद सुरुवातीपासून कोणी ठेवली नाही.

आता गाळा. जुन्या बाजारपेठेतील जागा अनेकदा भाड्याची, पागडी देऊन घेतलेली असते. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानुसार व्यापारासाठी घेतलेल्या जागेचा भाडेकरू मरण पावल्यास, त्या वेळी त्याच्याबरोबर तेथे व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जाते. असा कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो, आणि एकमत झाले नाही तर न्यायालय ठरवते. म्हणजे गल्ल्यावर बसणारा मुलगा पुढे राहतो. नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला भाऊ, लग्न होऊन गेलेली बहीण आणि घरात चटणी वाटणारी आई यांना या तरतुदीत दुसरे स्थान आहे. दुकान बंद पडू नये हा हेतू समजण्यासारखा आहे, पण स्वयंपाकघर हा दुकानाचाच भाग होता ही गोष्ट त्यात बसत नाही.

खरा गुंता नावाचा आहे. १९५८ च्या व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायद्याखाली केवळ वस्तूंसाठी चिन्ह नोंदवता येई. खाद्यपदार्थ तयार करून गिऱ्हाइकाला देण्याची सेवा म्हणून नाव नोंदवण्याची सोय १९९९ च्या कायद्याने केली आणि तो अमलात आला १५ सप्टेंबर २००३ रोजी. त्यापूर्वी पाटी लावलेल्या दुकानाने नाव का नोंदवले नाही, असा दोष त्या पिढीला देणे म्हणूनच अन्यायाचे आहे. पुढे मुलांपैकी एकाने गुपचूप नोंदणी केली, तरी तेवढ्याने तो जिंकत नाही. कलम ३४ नुसार आधीपासून अखंड वापर करणाऱ्याचा हक्क नोंदणीपुढे टिकतो. कलम ३५ तर स्वतःच्या नावाचाच नव्हे, तर व्यवसायातील आपल्या पूर्वाधिकाऱ्याच्या नावाचाही प्रामाणिक वापर मान्य करते. वडिलांच्या नावाने चालणाऱ्या दुकानात दोन्ही भाऊ वडिलांनाच पूर्वाधिकारी म्हणतात, आणि एकाच कलमाचा आधार दोघेही घेतात. भागीदारीचा लेख असता तर १९३२ च्या कायद्याने नावलौकिकाची किंमत मालमत्तेत धरून हिशेब करता आला असता. बापलेकांमध्ये असा लेख करणे अनेक घरांत अविश्वासाचे लक्षण मानले गेले, आणि नोंदणी न झालेल्या भागीदारीला कराराच्या आधारे दावा लावण्यावर कायद्याचेच बंधन आहे.

मुलींचा प्रश्न याच ठिकाणी येतो, आणि माझ्या मते तो सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. वडिलांनी स्वकष्टाने उभारलेल्या आणि मृत्युपत्र न केलेल्या मिळकतीत हिंदू मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, तो १९५६ पासून. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मतःच हिस्सेदार, मानले, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून ते सर्व मुलींपर्यंत नेले, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मुस्लिम कुटुंबांना हे कायदे लागू नाहीत. तेथे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो. या साऱ्यावर बहिणींकडून घेतलेले हक्कसोडपत्र पाणी फिरवते. अशा पत्रात घर आणि गाळा लिहिलेला असतो पण नावाचा उल्लेख नसतो, तेव्हा बहिणीने नावावरचाही हक्क सोडला का, हा प्रश्न उघडा राहतो. तिनेच पुढे माहेरच्या नावाने दुकान काढले, तर भावाच्या हातात समजले जाते तितके भक्कम काही नसते.

परवान्याची वाट आणखी वेगळी आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालील नियम ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. परवानाधारक गेल्यावर परवाना वारसांसाठी साधारण ९० दिवस चालू राहतो आणि त्या काळात तो कोणाच्या तरी नावावर करून घ्यावा लागतो. घाईत तो एकाच्या नावावर होतो, आणि पुढे तोच कागद मालकीचा पुरावा म्हणून दाखवला जातो, जे त्याचे कामच नाही. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापणे बंधनकारक झाल्याने कोणते दुकान कोण चालवतो एवढे तरी कळते. मोबाइलवरून मागणी नोंदवण्याची सोय झाल्यापासून मात्र गिऱ्हाइकापुढे आधी नाव येते, बिल नंतर. त्यामुळे एका दुकानाची तक्रार दुसऱ्याच्या खात्यावर चढते.

यात वेळेचाही प्रश्न आहे. भाऊच आहे म्हणून गप्प बसणाऱ्याला व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ३३ माहीत असायला हवे. दुसऱ्याने नोंदवलेल्या नावाचा वापर ठाऊक असूनही सलग पाच वर्षे तो चालू दिला, तर नोंदणी अप्रामाणिक होती असे सिद्ध केल्याशिवाय त्या वापराला पुढे हरकत घेता येत नाही.