रटलंड खरंच इंग्लंडमधली सर्वांत लहान काउंटी आहे का?

‘रटलंड ही इंग्लंडची सर्वांत लहान काउंटी’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग.) जुन्या, ऐतिहासिक काउंट्यांपुरतं ते खरं आहे. आजच्या यादीत मात्र नाही.

रटलंडचं क्षेत्रफळ सुमारे ३८२ चौरस किलोमीटर. ब्रिस्टल ही स्वतंत्र काउंटी आहे, ती जेमतेम ११० ची. आणि सिटी ऑफ लंडन, म्हणजे अख्खं लंडन नव्हे तर त्याच्या मधला जुना भाग, ही काउंटी तर तीन चौरस किलोमीटरही भरत नाही! समुद्राच्या भरतीच्या वेळी आइल ऑफ वाइट ही बेटावरची काउंटी रटलंडपेक्षा लहान होते, हा किस्साही लोक आवडीने सांगतात. दोघांचं क्षेत्रफळ जवळपास सारखं आहे, एवढं खरं. पण पाणी कितीही चढलं तरी पहिला क्रमांक दोघांचाही नाही.

लोकसंख्येचंही तेच. २०२१ च्या जनगणनेत रटलंडमध्ये सुमारे ४१,००० माणसं होती, सिटी ऑफ लंडनमध्ये नऊ हजारांहून कमी.

शेतीवाडीच्या या मुलखात ओकहॅम आणि अपिंगहॅम ही दोनच शहरं. १९७० च्या दशकात ग्वॉश नदीची दरी अडवून इथे विस्तीर्ण जलाशय बांधला, त्यात नेदर हॅम्बलटन गाव गेलं. १९७४ मध्ये तर काउंटीच लीस्टरशरमध्ये विलीन झाली. लोकांना ते कधीच पटलं नाही. १९९७ मध्ये रटलंडला स्वतःचा कारभार परत मिळाला.