पहाटे साडेचारची मध्यरात्र

२१ जुलै २००७, शनिवार. लंडनमध्ये रात्रीचे बारा वाजून एक मिनिट झालं आणि हॅरी पॉटरचा सातवा, शेवटचा भाग विकायला मोकळा झाला. त्या वेळी विदर्भातल्या आर्वीत, पुसदला, वडशाला पहाटेचे ४ वाजून ३१ मिनिटं झाली होती. इंग्लंडच्या उन्हाळी वेळेच्या आपण साडेचार तास पुढे असल्यामुळे ज्या सोहळ्याला जगभर ‘मिडनाइट रिलीज’ म्हणतात, तो भारतात कोंबडं आरवायच्या वेळेला आला. शहरांतल्या दुकानांची शटरं पहाटे वर गेली. खेड्यातल्या वाचकाच्या दृष्टीने ही वेळ अर्ध्या रात्रीपेक्षा कितीतरी सोयीची होती. रात्री बाराला गावाबाहेर जायला गाडी नसते, पहाटे पहिली एसटी तरी असते.

मध्यरात्रीची विक्री पुस्तकवाल्यांनी शोधून काढलेली नाही. २४ ऑगस्ट १९९५ ला ‘विंडोज ९५’ साठी लोक रात्री दुकानांसमोर उभे होते. ३ मे १९९९ ला अमेरिकेत स्टार वॉर्सच्या नव्या चित्रपटाची खेळणी मध्यरात्री विकायला काढली होती. पुस्तकाच्या धंद्यात हे उशिरा आलं, आणि आलं तेही एका अडचणीमुळे.

हॅरी पॉटरचा पहिला भाग २६ जून १९९७ ला इंग्लंडमध्ये आला, तेव्हा त्याची कुणी फारशी दखल घेतली नव्हती. दुसरा भाग तिथे २ जुलै १९९८ ला आला, पण अमेरिकेत २ जून १९९९ ला, म्हणजे अकरा महिन्यांनी. इंटरनेटवरून पुस्तकं मागवायची सोय नुकतीच झाली होती. अमेरिकेतल्या वाचकांनी थांबायचं सोडून इंग्लंडहून प्रती मागवल्या, आणि अमेरिकी प्रकाशकाने हक्काचे पैसे मोजलेले असताना गिऱ्हाईक परभारे जाऊ लागलं. तिसरा भाग इंग्लंडमध्ये ८ जुलै १९९९ ला दुपारी पावणेचारला विक्रीला आला. वेळ मुद्दाम शाळा सुटण्याची धरली होती, पोरांनी शाळा बुडवू नये म्हणून. अमेरिकेला मात्र तो सप्टेंबरमध्ये मिळाला. चौथ्या भागाला हे अंतर पुसून टाकायचं ठरलं आणि ८ जुलै २००० च्या मध्यरात्री दोन्ही देशांत एकाच तारखेला पुस्तक आलं. पुढचे तिन्ही भाग, २१ जून २००३, १६ जुलै २००५ आणि २१ जुलै २००७, याच पद्धतीने निघाले.

चारही तारखा शनिवारच्या आहेत. तिकडे शनिवार म्हणजे सुट्टी, रात्रभर जागलं तरी बिघडत नाही. आपल्याकडे शनिवारी सकाळची शाळा! पहाटे पुस्तक हातात आलं तरी प्रार्थनेला हजर राहायचंच. विदर्भातल्या पोट्ट्यांना सवलत मिळाली ती एका २००३ च्या तारखेला, कारण इथल्या शाळा उन्हामुळे साधारण २६ जूनच्या सुमाराला उघडतात.

मध्यरात्रच का, याचं उत्तर धंद्यात आहे. एका दुकानाने आदल्या दिवशी विक्री केली की शेजारच्या दुकानाचं गिऱ्हाईक गेलं, आणि शेवट कुणी फोडला की सगळ्यांचंच गेलं. म्हणून प्रकाशक दुकानदाराकडून लिहून घेतो की ठरल्या वेळेच्या आधी खोका उघडणार नाही, प्रत दाखवणार नाही, विकणार नाही. याला धंद्यात ‘एम्बार्गो’ म्हणतात. करार मोडला तर पुढच्या भागाचा माल मिळत नाही, आणि दुकानदार सगळ्यात जास्त भितो तो यालाच. तारीख पाळायची म्हटल्यावर तिचा पहिला क्षण बाराच्या ठोक्यालाच येतो. जादूगाराच्या टोप्या, झाडू, चेहरे रंगवणं हे सगळं नंतर आलं. रांगेत दोन-तीन तास उभ्या असलेल्या पोरांना गुंतवायला काहीतरी हवंच होतं.

तरीही फुटायचं ते फुटलंच. २००५ मध्ये कॅनडातल्या एका दुकानाने १४ प्रती चुकून आधी विकल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. ज्यांनी प्रती घेतल्या त्यांना मजकूर उघड करायला मनाई झाली. २००७ मध्ये पानांचे फोटो काढून अख्खं पुस्तक विक्रीआधीच इंटरनेटवर टाकलं गेलं. विक्रीवर त्याचा परिणाम दिसला नाही: अमेरिकेत पहिल्या २४ तासांत ८३ लाख प्रती गेल्या.

भारतात इंग्लंडची आवृत्ती येते, कारण इथले विक्रीचे हक्क इंग्लंडच्या प्रकाशकाकडे असतात. म्हणून आपलं घड्याळ लंडनला बांधलेलं. सातवा भाग ६०७ पानांचा, पुठ्ठ्याच्या बांधणीचा, किंमत ९७५ रुपये. त्या काळात कापूस पिकवणाऱ्या घरातून पोराच्या गोष्टीच्या पुस्तकाला ९७५ रुपये निघणं ही साधी गोष्ट नव्हती. शिवाय जुलै म्हणजे पेरणीचा, आणि पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणीचा महिना. गावात ज्यांच्या हातात ही प्रत दिसायची ती बहुतेक शिक्षकांची, डॉक्टरांची नाहीतर नागपूर-अमरावतीला शिकायला असलेल्यांची मुलं. बाकीच्यांपर्यंत पुस्तक एकाच प्रतीच्या फिरतीतून पोचायचं, आणि रांगेत दहावा नंबर असलेल्याला शेवट आधीच कळलेला असायचा.

किंमत ९७५ असण्याची एक बारीकशी बाजू दुकानदारच सांगू शकतो. सगळे जण हजार पुढे करतात आणि प्रत्येकाला २५ परत द्यायचे असतात. पन्नास प्रती म्हणजे १२५० रुपये सुट्टे, तेही पहाटे, बँक बंद असताना. आज यूपीआय आहे, पण नेटवर्क जाण्याची वेळ नेमकी गर्दीचीच असते, त्यामुळे सुट्ट्यांचा डबा अजूनही भरून ठेवावा.

मराठी वाचकाची मध्यरात्र वेगळीच होती, खरं तर नव्हतीच. हॅरी पॉटर मराठीत आणला भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने. ‘परीस’ हा पहिल्या भागाच्या नावातला शब्द ज्याने वाचला त्याला तो कायमचा लक्षात राहिला. मराठी भाग मूळ पुस्तकाच्या बऱ्याच मागून आले, त्यांना ना खोक्यांचा करार होता ना रात्रीची रांग. गंमत अशी की पुण्याहून नागपूर सातशे किलोमीटरच्या वर आहे आणि भोपाळहून रेल्वेने चारशेच्या आत. या एका पुस्तकापुरता तरी विदर्भ प्रकाशकाला पुण्यापेक्षा जवळचा होता. ग्रामीण भागात जादूची शाळा वाचली गेली ती मुख्यतः याच आवृत्तीतून, तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का मारलेल्या, पाठीला खाकी कागद चिकटवलेल्या प्रतीतून.

गोष्टीच्या पुस्तकाची वाट पाहणं मात्र इथे नवं नव्हतं. ‘चांदोबा’ मराठीत १९५२ पासून मद्रासहून छापून यायचा. स्टेशनच्या व्हीलरच्या स्टॉलवर किंवा एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे गठ्ठा सुटायची एक अंदाजी तारीख असायची, आणि मुलं दोन-तीन दिवस आधीपासून चकरा मारायची. दिवाळी अंकाची परंपरा तर १९०९ च्या ‘मासिक मनोरंजन’पासूनची. रात्र जागण्याचंही कौतुक नाही: झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावोगावच्या जत्रेपासून) पुढे रात्री दहा-अकराला नाटक चढतं आणि उजाडता उजाडता उतरतं. वडशाच्या आसपासच्या माणसाला मध्यरात्री पुस्तक विकणार म्हटलं तर त्याला नवल वाटेल ते रात्रीचं नाही, पुस्तकाचं.

हॅरी पॉटर संपल्यावरही हा प्रकार थांबला नाही. २ ऑगस्ट २००८ ला ‘ट्वायलाइट’ मालिकेतल्या ‘ब्रेकिंग डॉन’साठी अमेरिकेत पुन्हा रांगा लागल्या. भारतात किंडलचं ई-पुस्तकांचं दुकान २०१२ मध्ये सुरू झालं, आणि बारा वाजता पुस्तक फोनवर उतरू लागल्यावर रांग संपली असं वाटलं होतं. तसं झालं नाही. २१ जानेवारी २०२५ ला रेबेका यारोस यांच्या ‘ऑनिक्स स्टॉर्म’साठी इंग्लंड-अमेरिकेत दुकानं पुन्हा रात्री उघडली आणि अमेरिकेत आठवड्यात २७ लाख प्रती गेल्या. ड्रॅगन आणि प्रेमकथा यांचं हे मिश्रण वाचणाऱ्या मुली आपल्या तालुक्याच्या कॉलेजांतही आहेत. त्यांची प्रत कुरिअरने येते, ती कधी येणार याचा घड्याळाशी संबंध नसतो.

म्हणजे तालुक्याच्या दुकानाला असा दिवस करायचाच असेल, तर सगळा प्रश्न खोका कधी आणि कसा पोचतो याचा आहे.

नोंदणी तीन-चार आठवडे आधी सुरू करावी आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. नुसत्या नावांवर मागवलेल्या प्रती अंगावर पडतात. मागणी नोंदवताना उरलेला माल परत घेणार का, हे वितरकाला लेखी विचारावं. सवलत जास्त मिळते तो माल बहुधा परत जात नाही. खोका नागपूरहून निदान दोन दिवस आधी सुटायला हवा. शेवटच्या दिवशी एसटीच्या पार्सलने आला तर गाडी रात्री पोचते, पार्सल खिडकी बंद असते आणि खोका कुलपात, गिऱ्हाईक बाहेर. पावसाळा असेल तर खोक्याला आतून प्लॅस्टिक हवंच. जाड पुस्तकाला कडेने पाणी लागलं की पानं फुगतात आणि वाळल्यावरही बांधणी बसत नाही. खोका पट्टीने करकचून बांधलेला असेल तर सगळ्यात वरच्या आणि खालच्या प्रतीच्या कडा दबतात. म्हणून पोचल्या पोचल्या न उघडता चारही बाजूंनी फोटो काढावेत, नंतर बदली मागताना तेच उपयोगी पडतात. फोटो कुणाच्या स्टेटसला जाऊ नयेत, करार त्यानेही मोडतो.

रात्री दुकान उघडं ठेवायला आता कायदा आडवा येत नाही. १९४८ च्या जुन्या कायद्यात बंद करण्याच्या वेळा बांधलेल्या होत्या. डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने त्या काढल्या, आणि थोडे कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती माहिती कळवून चालते. याच कायद्यात मोठ्या आस्थापनांसाठी असं आहे की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय आणि सुरक्षेच्या सोयीशिवाय कामावर ठेवता येत नाही. लहान दुकानाने तोच नियम पाळलेला बरा, मुलीला घरी सोडण्याची गाडी आधी ठरवावी. भोंगा मात्र रात्री १० ते सकाळी ६ बंद. नावं तोंडाने पुकारायची, किंवा टोकनचा नंबर पाटीवर लिहायचा.

टोकन दुपारपासून द्यावं आणि पुस्तकं नंबराप्रमाणे लावून ठेवावीत. एक जण पैसे घेईल, दुसरा प्रत देईल; दोन्ही कामं एकाकडे असली की रांग अडते. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, त्यामुळे बिल साधं असतं, पण त्यावर तारीख दुसऱ्या दिवसाची पडायला हवी. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे असेल तर ११:५८ चं बिल निघतं आणि करार मोडल्याचा कागद आपणच छापून देतो. वीज जाते हे गृहीत धरून बिलबुक आणि दोन चार्जिंगचे दिवे जवळ असू द्यावेत.

आणि वेळ? पुस्तक बाराला मोकळं होतं म्हणून दुकान बाराला उघडायचंच असं कुठल्या करारात लिहिलेलं नसतं. आधी नको, एवढंच असतं. आसपासच्या वीस खेड्यांतली मुलं यायची असतील तर बारा वाजता फक्त गावातली येतात, तीही वडिलांना उठवून. सकाळी पहिली गाडी स्टँडवर लागते त्यानंतरचा अर्धा तास धरावा, आणि पाटीवर गाडीचं नाव लिहावं, वेळ नाही.