कोकणातील अग्निज खडक

वितळलेला शिलारस थंड होऊन घट्ट झाला की तयार होतो तो अग्निज खडक. शिलारस जमिनीच्या पोटातच थिजला तर त्या खडकाला अंतर्वेशी म्हणतात. लाव्हा होऊन पृष्ठभागावर आला आणि मग थिजला तर ज्वालामुखी खडक म्हणतात. डहाणूपासून सिंधुदुर्गाच्या उत्तर भागापर्यंत कोकणाचा पाया जवळजवळ एकाच अग्निज खडकाचा, बेसाल्टचा आहे. बोलीभाषेत तो काळा दगड किंवा काळा कातळ. जाती, पाटे-वरवंटे, देवळांचे चौथरे आणि डांबरी रस्त्याखालची खडी, सगळे त्याचेच.

पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्हा खदखदत असतो हा समज चुकीचा आहे. भूकवचाखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, तापलेले असले तरी बहुतांश घनच असते, कारण वरच्या प्रचंड दाबामुळे त्याचा वितळणबिंदू चढलेला असतो. तापलेले प्रावरण वर सरकले आणि दाब कमी झाला, की उष्णता न वाढवताही त्याचा काही अंश वितळतो. खडकात पाणी शिरल्यानेही वितळणबिंदू उतरतो. इंडोनेशिया, जपानकडचे ज्वालामुखी मुख्यतः त्या प्रकारचे. कोकणातला शिलारस पहिल्या प्रकारचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानावरून (प्रावरणातून तापलेला खडक वर येत राहतो अशा जागेवरून) उत्तरेकडे सरकत होता, तेव्हा हे उद्रेक झाले असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. शंकूच्या आकाराच्या एखाद्या डोंगराच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर पडत राहिला. त्यातून एकावर एक साचलेल्या बेसाल्टच्या थरांनी, म्हणजे दख्खन ट्रॅपने, आजही सुमारे 5 लाख चौ. किमी. प्रदेश व्यापला आहे आणि सह्याद्रीच्या परिसरात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते.

घाटाच्या उभ्या कड्यावर हे थर मोजता येतात. भूवैज्ञानिकांनी त्यांच्या गटांना जवळच्या ठिकाणांची नावे दिली: जव्हार, नेरळ, ठाकूरवाडी, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. नेरळ किंवा पोलादपूर म्हणजे आपल्यासाठी गाडी थांबण्याचे ठिकाण, पण जगभरच्या शोधनिबंधांत ते लाव्हाच्या विशिष्ट रासायनिक घडणीचे नाव आहे. घाटमाथ्यावर हे थर जवळपास आडवे दिसतात, ठाणे-पनवेल पट्ट्यात मात्र ते पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. या वळणाला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. भारत आणि आज हिंदी महासागरात असलेली सेशेल्स बेटे एकमेकांपासून तुटून किनारा तयार होताना भूकवच ताणले गेले, त्याची ही खूण मानली जाते.

अग्निज खडकांच्या वर्गीकरणात दोन प्रश्न महत्त्वाचे: खडक कशाचा बनला आणि तो किती सावकाश निवला. रंग, वजन, भोके हे सगळे दुय्यम, आणि बऱ्याचदा फसवे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः सिलिकाच्या (सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाच्या) प्रमाणात असते. 45 टक्क्यांहून कमी सिलिका असलेले खडक अत्यल्पसिलिक, 45 ते 52 टक्के म्हणजे अल्पसिलिक, त्यापुढे सुमारे 63 टक्क्यांपर्यंत मध्यम आणि त्याहून अधिक ते सिलिकायुक्त किंवा जुन्या भाषेत अम्लीय. बेसाल्ट अल्पसिलिक. त्यात मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्स्पार आणि पायरोक्सीन ही खनिजे, कधी ऑलिव्हिन. लोह व मॅग्नेशियम जास्त म्हणून तो काळा आणि जड. सिलिका कमी म्हणून त्याचा लाव्हा पातळ, 1,000 ते 1,200 अंश सेल्सिअस तापमानाचा आणि दूरवर वाहणारा. सिलिकायुक्त लाव्हा तुलनेने कमी तापमानाचा, पण चिकट. त्यातले वायू सहज सुटत नाहीत आणि म्हणून त्याचे उद्रेक अनेकदा स्फोटक होतात.

एकाच शिलारसातून वेगवेगळे खडक कसे निघतात, हे भूवैज्ञानिक नॉर्मन बोवेन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात प्रयोगशाळेत दाखवले. शिलारस निवताना खनिजे एका क्रमाने स्फटिक होतात. आधी ऑलिव्हिन आणि कॅल्शियमयुक्त फेल्स्पार, शेवटी निव्वळ सिलिकाचे क्वॉर्ट्‌झ. आधी बनलेले स्फटिक बाजूला पडले की उरलेल्या रसात सिलिकाचे प्रमाण वाढत जाते. याचे उदाहरण पाहायला लांब जावे लागत नाही. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावर मढ, मनोरी, गोराई परिसरात ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट हे फिकट, सिलिकायुक्त खडक सापडतात. दख्खनच्या एकूण पसाऱ्यात ते नगण्य, पण मुंबईने त्यांचा भरपूर उपयोग केला. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची भिंत जवळून पाहावी. करडा दगड कुर्ल्याच्या खाणीतला बेसाल्ट, पिवळसर दगड मालाडचा ट्रॅकाइट. वर्गीकरणाचा इतका नेमका धडा शाळेच्या खडकपेटीतही मिळत नाही.

दुसरा प्रश्न निवण्याचा. खोलवर, हजारो-लाखो वर्षांत थिजलेल्या शिलारसात स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बेसाल्टच्याच घडणीचा, पण असा भरड खडक म्हणजे गॅब्रो. मधल्या पोताचा तो डोलेराइट. ग्रॅनाइट आणि ऱ्हायोलाइट यांचे नातेही असेच: घडण सारखी, पोत वेगळा. बाजारात ओट्यासाठी ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. भूविज्ञानाच्या व्याख्येत ग्रॅनाइट म्हणजे भरपूर क्वॉर्ट्‌झ आणि फेल्स्पार असलेला, त्यामुळे फिकटच खडक. ओट्याला अर्थात त्याने काही फरक पडत नाही.

निवण्याचा वेग जवळून पाहायचा तर भित्ती शोधावी. भित्ती म्हणजे उभ्या भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाचा पट्टा. कोकण किनाऱ्यावर उत्तर-दक्षिण दिशेच्या अशा असंख्य भित्ती आहेत, आणि ओहोटीच्या वेळी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर त्या खडकाळ भागातून सरळ जाताना दिसतात. भित्तीचा दगड कडेला अगदी बारीक पोताचा, हाताला गुळगुळीत, कारण तिथे शिलारस थंड खडकाला टेकून झटकन निवला. मध्याकडे जावे तसे कण ठळक होतात. मुरूड परिसरातल्या काही भित्तींनी भूकवचाच्या खोल भागातले तुकडेही सोबत वर आणले आहेत. ज्या खोलीपर्यंत कोणी विंधन करू शकलेले नाही तिथले नमुने असे आयते मिळतात, म्हणून संशोधकांना या किनाऱ्याचे विशेष आकर्षण.

जाड लाव्हा सावकाश निवताना आकसतो आणि भात कापल्यावर सुकलेल्या खाचराला पडाव्यात तशा भेगा त्याला पडतात. या भेगा खोलवर उतरल्या की पंचकोनी-षट्कोनी खांब तयार होतात. अंधेरीतला गिल्बर्ट हिल हा सुमारे 60 मीटर उंचीचा सुळका अशाच खांबांचा आहे. 1952 मध्ये त्याला संरक्षण मिळाले, तरी पुढे खाणकाम आणि इमारती यांनी त्याला चहूबाजूंनी कोरत आणले. आज शिल्लक आहे तो मूळ टेकडीचा अवशेष.

लाव्हाप्रवाहाच्या वरच्या भागात सुटलेल्या वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपले आणि झिओलाइट, कॅल्साइट, क्वॉर्ट्‌झ या खनिजांनी त्या भरल्या. बोर घाटातल्या रेल्वेच्या खोदकामात आणि मुंबईच्या खाणींत मिळालेले स्टिल्बाइट, अपोफिलाइट, प्रेहनाइट यांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. दोन प्रवाहांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर तिथे लालभडक मातीचा पातळ थर सापडतो, क्वचित तळ्यातला गाळही. वरळीच्या अशाच गाळाच्या खडकात इवल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले.

कोकणात सर्वांत ‘जळका’ वाटणारा दगड मात्र अग्निज नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरचा (कातळपठारांवरचा) जांभा सच्छिद्र आणि तांबडा आहे, पण ती भोके लाव्हाच्या वायूंची नव्हेत. उष्ण, पावसाळी हवामानात बेसाल्ट आणि इतर खडक दीर्घकाळ कुजले, सिलिका पाण्यासोबत निघून गेली, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, त्याचा जांभा झाला. म्हणूनच ताजा चिरा खाणीत मऊ लागतो आणि उघड्यावर घट्ट होतो. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूर येथील गरम पाण्याच्या झऱ्यांचाही जिवंत ज्वालामुखीशी संबंध जोडला जातो, तोही उगाच. भेगांतून खोल गेलेले पावसाचे पाणी तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि वर येते, एवढेच.

दक्षिणेकडे ट्रॅप संपतो. कुडाळ-सावंतवाडी भागात त्याच्याहून कितीतरी जुने, अब्जावधी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटी नाइस (उष्णता-दाबाने रूपांतरित झालेले पट्टेदार खडक) उघडे आहेत, तर कणकवलीजवळ अत्यल्पसिलिक खडकांत क्रोमाइट हे क्रोमियमचे खनिज मिळते.

कोकणात पाण्याचा प्रश्न या खडकांशी बांधलेला आहे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, कारण सलग बेसाल्टमध्ये पाणी साठायला जागाच नसते. ते मिळते कुजलेल्या वरच्या भागात, सच्छिद्र थरांत आणि सांध्यांत. भेगा नसलेली भित्ती वाटेत आडवी आली तर भूजल तिच्या वरच्या अंगाला अडते. मग भित्तीच्या एका बाजूची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, असे चित्र दिसते.