पगार थांबल्यावर गिरणगाव कसं जगलं

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. या संपाचा विषय निघाला की संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, गिरणीमालक, मान्यताप्राप्त युनियन असलेला राष्ट्रीय मिल मजदूर संघ, दिल्लीचं सरकार आणि पुढे गिरण्यांच्या जमिनी यांवरच बोलणं होतं. ते व्हायलाच हवं. पण महिन्याच्या पगारावर चालणारी ही घरं पगाराविना वर्ष-दीड वर्ष कशी तगली, हे क्वचितच कुणी विचारतं. १९८२ च्या घटना कितीही बारकाईने पाहिल्या तरी त्यात याचं उत्तर मिळत नाही. गिरणी कामगाराने वाईट दिवसांची तजवीज संपाच्या तीन पिढ्या आधीपासून चालवली होती.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली. ताडदेवच्या त्या गिरणीतून दोन वर्षांनी सूत निघू लागलं. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, शिवडी, वरळी हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरला. हेच गिरणगाव. कामगार आले ते मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरून, साताऱ्याकडून. त्यांनी गाव सोडलं नाही. बायको-पोरं, म्हातारे आईवडील, भाताची चार खाचरं किंवा जिराईत तुकडा गावाकडेच राहिला आणि एक-दोन तरणे हात मुंबईला आले. याला अडाणीपणा म्हणणारे त्या काळचे मालक आणि अधिकारी बरेच होते. कामगार शहरात रुजत नाही, लावणीच्या वेळी पळून जातो, अशी त्यांची तक्रार असे. मला हा आरोप फार अन्यायाचा वाटतो. गिरणीत नोकरीची हमी नव्हती. बदली, म्हणजे कायम नसलेल्या कामगाराने सकाळी फाटकाशी उभं राहायचं, जॉबरने, म्हणजे मुकादमाने, नाव घेतलं तर आत जायचं, नाहीतर खोलीवर परतायचं. आजारपण, अपघात, म्हातारपण यांसाठी मालकाकडून काहीच मिळत नसे. हे सगळं गाव सोसत होतं म्हणून मालकाला तेवढ्या मजुरीत माणूस मिळत होता. गावची जमीन हा कामगाराचा विमा होता आणि त्याचा हप्ता मनिऑर्डरीने जात होता.

१८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा हा विमा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वटला. लाखो माणसं मुंबई सोडून गावी गेली, गिरण्यांना माणसं मिळेनात, आणि पगार आठवडे न् आठवडे अडकवून ठेवणाऱ्या मालकांवर रोजच्या रोज मजुरी मोजून देण्याची वेळ आली. परतायला गाव आहे, हे मागण्या रेटण्याचंही बळ ठरू शकतं, हे कामगारांच्या तेव्हा ध्यानात आलं असणार.

शहरातली तजवीज वेगळी होती. एका गावच्या माणसांनी मिळून खोली भाड्याने घ्यायची. दहा बाय बाराच्या त्या खोलीत कधी पंधरा, कधी वीस-पंचवीस जणांच्या ट्रंका. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंथरूण टाकणार. काम सुटलेल्या गाववाल्याला कुणी बाहेर काढत नसे. त्याचा भाड्याचा वाटा काही महिने बाकीचे उचलत, आणि जॉबरच्या कानावर त्याचं नाव घालण्याचं कामही खोलीतलाच कुणी करी. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतही याच रीतीने संसार थाटले गेले.

आणि मग खानावळ. गिरणगावच्या इतिहासात तिला हवी ती जागा अजून मिळालेली नाही. बायको गावी असलेल्या हजारो पुरुषांना दोन वेळ जेवू घालणारी बाई बहुधा शेजारच्याच खोलीत राहायची. तिचा नवरा गिरणीत असायचा, किंवा आजारी, बेकार, नाहीतर वारलेला. महिन्याला दहा-पंधरा माणसं बांधून घ्यायची, पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, पाळीनुसार ताटं वाढायची किंवा डबे भरायचे आणि पैसे मात्र पगार झाल्यावर घ्यायचे. म्हणजे पूर्ण महिनाभर या माणसांच्या जेवणाचा खर्च ती बाई आपल्या अंगावर घेत होती. ती वाण्याकडून उधारीने धान्य आणायची, कमी पडलं तर दागिना गहाण ठेवायची, आणि एखाद्याचं काम सुटलं तरी त्याचं ताट एकदम बंद करायची नाही. पगार थकवून मालक कामगाराचे पैसे वापरत होता आणि त्याची झळ शेवटी या बाईच्या चुलीपर्यंत येत होती.

या बायका खानावळीकडे वळल्या त्यालाही कारण होतं. १९२० च्या दशकात गिरणीतल्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई असे, विशेषतः वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) आणि रिळाच्या खात्यांत. नवी यंत्रं आली, सुसूत्रीकरणाच्या नावाखाली माणसं कमी झाली, बायकांच्या रात्रपाळीवर बंदी होती, बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाल्यावर मालकांना त्या महाग वाटू लागल्या. १९८० पर्यंत गिरणीत बायका अगदी थोड्या उरल्या. बाहेर पडलेल्या बायकांनी घरातच कमाई उभी केली. खानावळ, पापड, मसाले कुटणं, भाजीची पाटी. सरकारी नोंदींत यातलं बहुतेक काम कामच नव्हतं.

१९३६ च्या वेतन कायद्याने पगार वेळेवर देण्याचं बंधन आलं. हजारावर कामगार असलेल्या कारखान्यांनी महिना संपल्यावर दहाव्या दिवसापर्यंत पगार केला पाहिजे, असं ठरलं. तोवर पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार हे गिरणगावातलं नेहमीचं दृश्य होतं. सावकाराला टाळायचं तर भिशी. एका खात्यातल्या किंवा एका चाळीतल्या दहा-वीस जणांनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची आणि चिठ्ठी टाकून एकाने उचलायची. लग्न, घराचं छप्पर, आजारपण अशी नड असली तर चिठ्ठी बाजूला ठेवून त्या माणसाला आधी उचल मिळायची. लेखी करार नसायचा. दर महिन्याला पगार येणार, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा विश्वास उभा होता.

ही जुळणी संपाच्या काळात किती दिवस पुरते, याचा गिरणगावाला अनुभव होता. १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चालला. दीडेक लाख माणसं बाहेर होती. गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, त्याच संपात जन्मली. मोठ्या संख्येने कामगार पावसाळ्याला गावी गेले, शेती केली, आणि मागे राहिलेल्यांसाठी मदत निधीतून धान्य वाटलं गेलं. पुढचे संप इतके लांबले नाहीत. १९५० चा बोनसचा संप ६३ दिवस चालला, १९७४ चा ४२ दिवस. म्हणजे १९८२ मध्ये संपावर गेलेल्या कामगाराच्या स्वतःच्या आठवणीत लांब संप म्हणजे दीड-दोन महिने. घरात तेवढ्याचाच विचार झालेला असणार.

त्या आधीचं दशकही सोपं नव्हतं. १९७२ चा दुष्काळ, रेशनच्या रांगा, रॉकेल आणि तेलाची टंचाई. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर मुंबईतल्या हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. त्याच काळात कार्यकर्त्या प्रेमा पुरव गिरणगावात काम करताना खानावळवाल्या बायकांचा हिशेब नीट पाहत होत्या. मेहनत बाईची आणि नफा सावकाराच्या व्याजात जायचा. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज या बायकांना मिळवून दिलं. तारण ठेवायला बायकांकडे काही नव्हतं, तेव्हा गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. त्यांनी कर्ज फेडलंही. आज बचत गट सगळीकडे दिसतात, पण तेव्हा बँकेच्या दारात खानावळवाल्या बाईने पाऊल टाकणं ही लहान गोष्ट नव्हती.

मग १९८२. मागण्या पगारवाढीच्या, बोनसच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा हटवण्याच्या होत्या. या कायद्यामुळे वाटाघाटीचा हक्क एकट्या मान्यताप्राप्त युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, मग कामगार दुसऱ्या कुणाच्याही मागे असोत. पहिले काही महिने जुनी तजवीज चालली. शेतीवाले गावी गेले. सामंतांच्या युनियनमध्ये असलेल्या इतर कारखान्यांतल्या कामगारांनी वर्गणी दिली, घाटावरच्या गावांतून धान्य गोळा होऊन आलं. वाण्यांनी वह्या उघड्या ठेवल्या. घरमालकांनी थकलेलं भाडं सोसलं, काहींनी नाइलाजाने. पावसाळा आला, लावणी झाली. ऑगस्टमध्ये मुंबईतल्या पोलिसांचं बंड झालं तेव्हा गिरणी कामगारही त्यांच्या बाजूने रस्त्यावर होते. सरकार आता वाकेल, असं अनेकांना त्या दिवसांत वाटलं. ते वाकलं नाही.

या संपात गिरणगाव कमी पडलं असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. शंभर वर्षांत उभा राहिलेला प्रत्येक आधार माणसांनी पूर्ण वापरला. अडचण अशी की हे सगळे आधार एकाच पगारातून पाणी पीत होते. एक गिरणी बंद पडली तर खोलीतले दुसऱ्या गिरणीतले गाववाले सांभाळून घेत. एक खातं बंद झालं तर भिशीतले बाकीचे हप्ता भरत. इथे साठ-एक गिरण्या एकदम बंद होत्या. खानावळीची सगळी ताटं एकाच दिवशी उधारीवर गेली आणि मग माणसं गावी गेल्यावर ताटंच उरली नाहीत. बँकेचं कर्ज फेडायला निघालेली बाई पुन्हा दागिना गहाण ठेवायला गेली. वाण्याची वही भरली तेव्हा त्यालाही घाऊक व्यापाऱ्याने उधार देणं थांबवलं.

गावही पूर्वीचं राहिलं नव्हतं. तीन पिढ्यांत जमिनीचे वाटे पडून पडून हाती गुंठे आले होते. कोकणातली कितीतरी घरं भाताच्या जोरावर नव्हे, मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत होती. एरवी पैसे पाठवणारा चाकरमानी आता स्वतःच खायला घरी आला. भावाभावांत धुसफूस झाली, बायकांच्या माहेरी मुलं ठेवली गेली. रत्नागिरी आणि नुकत्याच वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वाड्यांनी या संपाची जी किंमत मोजली, तिची मोजदाद मुंबईत झाली नाही.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. माणसं हळूहळू, मान खाली घालून कामावर जाऊ लागली, आणि त्यातही अनेकांना परत घेतलं गेलं नाही. लाखाहून अधिक माणसांची नोकरी कायमची गेली. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. कापडाचं उत्पादन तोवर भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांकडे वळलं होतं. साच्यावर (मागावर) किंवा त्रासन (सूतकताईच्या) खात्यात वीस वर्षं हात बसलेला कुशल कामगार तिथे गेला तर निम्म्या मजुरीवर, बारा तासांच्या पाळीत, ना भविष्य निर्वाह निधी ना रजा. बरेच जण रखवालदार झाले. कुणी भाजी विकली, कुणी वडापावची गाडी लावली, कुणी गोदीत मिळेल ते ओझं उचललं.

घर चालवलं ते प्रामुख्याने बायकांनी. दादर, शिवाजी पार्क, माटुंग्याच्या इमारतींत धुणी-भांडी, पोळ्यांची कामं, घरी बसून शिवण, खोकी चिकटवणं. यातली कितीतरी कामं याआधी त्या घरांत कुणी केली नव्हती आणि नवऱ्याला ती रुचतही नव्हती. मुलींची शाळा आधी सुटली, कारण आई कामावर गेल्यावर लहान भावंडांना बघायला कुणीतरी हवं होतं. मुलगे नाक्यावर आले आणि त्यातले काही टोळ्यांच्या हाती लागले. बापाच्या लाल बावट्यापासून ही पिढी दूर गेली. कठीण काळाशी जुळवून घेणं आपण कौतुकाने सांगतो, पण त्या जुळवून घेण्याची वाटणी घरात सारखी झाली नव्हती. मुलींच्या शाळेचं नुकसान भरून देण्याची मागणी कोणत्याही मोर्चात झाली नाही.

अन्नपूर्णाच्या बायकांनी यातून वाट काढली ती गिऱ्हाईक बदलून. गिरणी कामगाराच्या ताटाऐवजी कचेऱ्यांचे डबे, कॅन्टीन, समारंभाची ऑर्डर. एकाच उद्योगावर अवलंबून न राहण्याचा तो निर्णय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

अनेक कुटुंबांकडे विकण्यासारखी शेवटची वस्तू म्हणजे खोली. पागडीची खोली देऊन आलेल्या पैशात कर्ज फिटलं, मुलीचं लग्न झालं आणि डोंबिवली, कल्याण, बदलापूर, नालासोपाऱ्याकडे एखादी जागा झाली. लालबागमध्ये राहिलेल्यांच्या डोळ्यांदेखत १९९१ नंतरच्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनी खुल्या केल्या. त्या जमिनीवर घर मिळावं म्हणून कामगारांनी पुन्हा संघटना बांधल्या. जून २०१२ मध्ये म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली, ६,९२५ घरांची. अर्जदार मात्र दीड लाखाच्या घरात होते, त्यातले अनेक जण वारस. हक्क सिद्ध करायला म्हाडा मागते ती कागदपत्रं अशी: ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, ईएसआयसीचा (कामगार विमा योजनेचा) नंबर, भविष्य निर्वाह निधीचा नंबर. ज्या घरांनी संपाच्या काळात भांडी विकली आणि तीन वेळा बिऱ्हाड हलवलं, त्यांच्याकडे नेमके हेच कागद नाहीत, आणि पात्रता ठरवताना या कारणाचा विचार व्हायला हवा.