19 फेब्रुवारी 1630 ला वार कोणता होता?

बेळगावात शिवजयंती दोनदा होते. 19 फेब्रुवारीला सरकारी, आणि वैशाख शुद्ध द्वितीयेला आपली पारंपरिक, जिच्यासाठी शहापूर, अनगोळ, वडगावची मंडळं कितीतरी आधीपासून चित्ररथांच्या तयारीला लागतात. त्यामुळे तारखेची खरी की तिथीची, हा वाद इथं घरोघरी ऐकू येतो. वैशाखातली तिथी शके 1549, म्हणजे 1627 साल धरते. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार जुन्या नोंदींत, मात्र शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे आणि 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख तिच्याशी जुळवलेली आहे. दोन्हींतलं साल कुठलं धरायचं, ते कागदपत्रं सांगतील. पण ही 19 फेब्रुवारी नेमकी कुठल्या कॅलेंडरातली, हा प्रश्न आकाशाचा आहे, आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

मोबाईलवर एक पडताळा घेऊन बघा. आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर दर 400 वर्षांनी वारासकट जसंच्या तसं फिरून येतं, कारण 400 वर्षांत 1,46,097 दिवस असतात आणि त्यांना 7 नं पूर्ण भाग जातो. म्हणजे 1630 चे वार हवे असतील तर 2030 चं कॅलेंडर उघडायचं. 19 फेब्रुवारी 2030 ला मंगळवार आहे. शकावली तर शुक्रवार म्हणते. आता दहा दिवस पुढे या: 1 मार्च 2030. शुक्रवार!

चंद्रसुद्धा हीच साक्ष देतो. पौर्णिमांचा हिशेब मागे नेला तर ग्रेगोरियन 1630 च्या 19 फेब्रुवारीला चंद्र शुद्ध पक्षात, अष्टमीच्या आसपास येतो. 1 मार्चला मात्र पौर्णिमा उलटून तीन दिवस होत आलेले असतात, म्हणजे वद्य तृतीया. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं 12 अंशांचं अंतर, त्यामुळे ती अशी शतकांमागेही तपासता येते. शकावली लिहिणाऱ्यानं तिथीबरोबर वार टिपून ठेवला, हे मला फार मोलाचं वाटतं. दोन स्वतंत्र खुणा एकाच दिवसावर येऊन मिळतात.

मग 19 फेब्रुवारी आली कुठून? ती जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली आहे. त्या कॅलेंडरात वर्ष 365.25 दिवसांचं, तर ऋतूंचं खरं वर्ष सुमारे 365.2422 दिवसांचं. फरक वर्षाला 11 मिनिटांचा, पण 128 वर्षांत त्याचा एक अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे वसंतातला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, 21 मार्चवरून 11 मार्चच्या आसपास सरकला होता. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 मध्ये दहा दिवस गाळले. 4 ऑक्टोबर, गुरुवार; दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर, शुक्रवार. तारखा उडाल्या, वारांची साखळी मात्र तुटली नाही, आणि वरचा पडताळा जमतो तो त्यामुळेच.

ही सुधारणा सगळ्यांनी एकदम स्वीकारली नाही. पोर्तुगालनं ती 1582 लाच घेतली, इंग्लंडनं थेट 1752 मध्ये. आपल्या चोर्ला घाटाखालच्या गोव्यात पोर्तुगीज एक तारीख लिहीत होते आणि त्याच दिवशी सुरतेचे इंग्रज दहा दिवस मागची. मराठ्यांच्या इतिहासातल्या बऱ्याच प्रचलित तारखा या इंग्रजी, जुन्या गणनेतल्या आहेत. राज्याभिषेकाची 6 जून 1674 सुद्धा; आजच्या गणनेनं तो दिवस 16 जून.

दिनविशेषात 19 फेब्रुवारीखाली आणखी दोन मोठी नावं असतात. खगोलशास्त्रज्ञ निकोलस कोपर्निकस 1473 मध्ये याच तारखेला जन्मला, अर्थात ज्युलियन. आजच्या हिशेबानं 28 फेब्रुवारी. कॅलेंडर दुरुस्तीसाठी चर्चनं मतं मागवली त्या काळाबद्दल त्यानं आपल्या 1543 च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की, वर्ष-महिन्यांची लांबी आणि सूर्य-चंद्राच्या गती पुरेशा मोजलेल्याच नव्हत्या, म्हणून तेव्हा निर्णय झाला नाही. दुसरं नाव गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. त्यांचं निधन 19 फेब्रुवारी 1915 चं, आणि ही तारीख सरळ आजची. एका ओळीत तीन माणसं, पण सूर्याच्या हिशेबानं त्यांचे दिवस तीन वेगळे.

तिथीवाल्यांचं म्हणणंही नीट समजून घ्यावं. बारा चांद्रमास सुमारे 354 दिवसांचे, म्हणून तिथी दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे येते आणि अधिक मास आला की उडी मारून पुढे जाते. अक्षय्य तृतीया 2023 मध्ये 22 एप्रिलला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि 2024 मध्ये ती 10 मेला गेली; 2025 मध्ये परत 30 एप्रिल. आपली वैशाखातली शिवजयंती आणि बसव जयंती शेजारशेजारच्या तिथींवर असल्यामुळे दोन्ही एकत्रच मागेपुढे होतात. तिथी पाळणाऱ्याच्या डोक्यावर दरवर्षी त्याच कलेचा चंद्र असतो. तारीख पाळणाऱ्याला सूर्य जवळपास त्याच जागी मिळायला हवा, पण 19 फेब्रुवारीला तोही दहा दिवस मागे असतो. 1630 मधली सूर्याची जागा हवी असेल तर 1 मार्चच धरावा लागेल. म्हणून 19 फेब्रुवारी रद्द करा, असं मी म्हणणार नाही. रूढ झालेल्या तारखेलाही मान असतो.

कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी इंग्रजांचा पराभव केला ती 23 ऑक्टोबर 1824 असो की राज्य पुनर्रचनेची 1 नोव्हेंबर 1956, तिथं ही अडचण येत नाही, कारण 1752 नंतर इंग्रजी कागदांतही नवीच गणना आहे. त्याआधीच्या तारखांबद्दल मात्र शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहिणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना माझी मनापासून विनंती आहे: जागा असेल तर ओळ पूर्ण लिहा. फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, शुक्रवार. जुन्या गणनेनं 19 फेब्रुवारी 1630, नव्या गणनेनं 1 मार्च 1630.