ख्मेर मंदिरांची सौर दिक्‌रचना

कंबोडिया व त्यालगतच्या थायलंडमधील ख्मेर मंदिरांचे अक्ष आणि सूर्याचे उदयास्तबिंदू यांचा परस्परसंबंध. येथील मंदिरे मुख्यतः नवव्या ते तेराव्या शतकांतील असून बहुतेक पूर्वाभिमुख आहेत. ठळक अपवाद तीन : अंकोर वाट (पश्चिमाभिमुख), प्रेह विहेआर (उत्तराभिमुख) व थायलंडमधील फिमाई (आग्नेयाभिमुख). लोकप्रिय लेखनात अंकोर वाटला कधीकधी ‘दगडी सौर घड्याळ’ म्हटले जाते. ते ग्राह्य नाही. सौर घड्याळ दिवसातील वेळ दाखवते, तर मंदिराच्या अक्षावरून फार तर वर्षातील एखादा दिवस ओळखता येतो.

दिक्‌साधन : दिशा ठरवण्यासाठी वास्तुग्रंथांत व सूर्यसिद्धान्त या ज्योतिषग्रंथाच्या त्रिप्रश्नाधिकार या प्रकरणात सांगितलेली शंकूची (सावली मोजण्याच्या उभ्या खुंटाची) रीत भारतीय विद्येबरोबर ख्मेर प्रदेशात पोचली असावी. सपाट जमिनीवर वर्तुळ काढून मध्यभागी बारा अंगुले उंचीचा शंकू उभा करतात. सकाळी सावलीचे टोक परिघाला जिथे स्पर्श करते आणि दुपारनंतर पुन्हा जिथे टेकते, ते बिंदू जोडले की पूर्वापर रेषा मिळते. दोन निरीक्षणांच्या मधल्या काळात सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण कोनीय अंतर) बदलते, त्यामुळे रेषा किंचित कलते. हा दोष विषुवदिनाच्या (दिवस व रात्र समान असण्याच्या दिवसाच्या) सुमारास सर्वांत जास्त, तरीही अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपासच असतो. सूर्यबिंब सुमारे अर्धा अंश रुंद असल्याने सावलीची कड पुसट पडते. व्यवहारात चूक होते ती मुख्यतः यामुळे. अंकोरचा अक्षांश सुमारे १३.४ उत्तर, म्हणून तेथील पलभा (विषुवदिनाची मध्यान्हछाया) सुमारे २.९ अंगुले येते; पुण्याची ४ अंगुले. सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचे दिवस तेथे २६ एप्रिल व १७ ऑगस्टच्या सुमारास असतात.

अंकोर वाट : दुसरा सूर्यवर्मन (राज्यारोहण १११३) याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले विष्णुमंदिर. रॉबर्ट स्टेन्सेल, फ्रेड गिफर्ड व एलेनॉर मोरॉन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, पश्चिम प्रवेशद्वाराजवळून पाहता वसंतविषुवाच्या सुमारास सूर्य मध्यशिखरावर दिसतो आणि मंदिराचा अक्ष पूर्वेच्या दक्षिणेस सुमारे ०.७५ अंश कललेला आहे. कर्कायनदिनी (वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी) सूर्योदय फ्नोम बोक टेकडीवर, तर मकरायनदिनी (सर्वांत लहान दिवशी) प्रासात कुक बांग्रो या मंदिराच्या दिशेने होतो, असेही त्यांचे प्रतिपादन आहे.

यातील भूमिती काळजीपूर्वक पाहायला हवी. शिखर जमिनीपासून सुमारे ६५ मी. उंच असून प्रवेशद्वारापासून ते साधारण अर्धा किलोमीटर दूर आहे, म्हणजे शिखराचे टोक क्षितिजावर सुमारे ७ अंश दिसते. या अक्षांशावर सूर्य तिरका, दक्षिणेकडे झुकत चढतो. तेवढ्या उंचीवर येईपर्यंत तो उदयबिंदूपासून दीड अंशाहून अधिक दक्षिणेस सरकलेला असतो. अक्ष अगदी पूर्वापर असता, तर शिखरावरचा सूर्य वसंतविषुवानंतर सुमारे चार दिवसांनी दिसला असता. ०.७५ अंशांच्या कलामुळे हे अंतर दोन दिवसांवर येते. कल नेमका उपयोगी पडेल त्याच बाजूला आहे, ही गोष्ट स्टेन्सेल प्रभृतींच्या मताला पूरक ठरते. मात्र पाहणारा काही पावले डावी-उजवीकडे सरकला तरी दिवस बदलतो. शिवाय शंकूने काटेकोर आखलेल्या कोणत्याही पूर्वापर अक्षावर विषुवदिनाच्या आगेमागे सूर्य येणारच. त्यामुळे ही घटना शास्त्रोक्त दिक्‌साधनाचा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक दिसते. वेधशाळेचा हेतू त्यावरून सिद्ध होत नाही. फ्नोम बोक ही नैसर्गिक टेकडी असून तिच्यावरील मंदिर अंकोर वाटच्या दोन शतके आधीचे आहे, तेव्हा तेथे योगायोगाची शक्यता वगळता येत नाही.

याच अभ्यासकांनी सुमारे ०.४३५ मी. लांबीचा ‘हात’ गृहीत धरून, एक हात म्हणजे सहस्र वर्षे या हिशेबाने, मंदिरातील अंतरे युगांच्या वर्षसंख्यांशी (४३२, ८६४, १२९६ व १७२८ सहस्र) जुळवली. प्रत्यक्ष मापे सुमारे ४४०, ८६७, १२९६ व १७३४ हात येतात. एककही वास्तूच्या मापांवरूनच ठरवलेले असल्याने या जुळणीला स्वतंत्र पुराव्याचे वजन देता येत नाही.

पश्चिमाभिमुखतेचे स्पष्टीकरण वेगळे आहे. फ्रेंच अभ्यासक सेदेस यांनी अंकोर वाटला राजाचे अंत्यस्मारक-मंदिर मानले. भित्तिशिल्पांचा क्रम प्रसव्य (अपसव्य), म्हणजे अंत्यविधीतल्याप्रमाणे उलट प्रदक्षिणेचा, असणे हा त्या मताचा मोठा आधार. विष्णूचा पश्चिम दिशेशी असलेला संबंधही पुढे केला जातो. ही दोन्ही मते सौर मांडणीच्या आड येत नाहीत.

कालगणना : ख्मेर शिलालेखांत शककाल वापरलेला असून अनेक लेखांत वार, नक्षत्र, लग्न (पूर्वेला उगवणारी रास) व ग्रहस्थाने दिलेली आढळतात. कंबोडियातील सांबोर येथील शके ६०५ (इ. स. ६८३) च्या लेखात शून्य बिंदूने दाखवले आहे. वर्षारंभ निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) मेषसंक्रांतीला जोडलेला असल्यास बाराव्या शतकात तो वसंतविषुवानंतर सुमारे नऊ-दहा दिवसांनी पडत असे. विषुवसूर्याला ‘नववर्षाचा सूर्य’ म्हणणाऱ्या लेखनात हा फरक बहुधा नजरेआड होतो. कंबोडियाचे नववर्ष आज एप्रिलच्या मध्यास येते.

इतर स्थळे : पहिल्या यशोवर्मनच्या काळातील (नववे शतक अखेर) फ्नोम बाखेंग येथे मध्यशिखराभोवती १०८ शिखरे होती. फ्रेंच भारतविद्यातज्ज्ञ फिलिओझा यांनी १९५४ मध्ये त्यांचा अर्थ २७ नक्षत्रे गुणिले चंद्राच्या चार अवस्था असा लावला. प्रत्येक बाजूने ३३ शिखरे दिसतात, ती तेहतीस देवांची. येथील खगोल संख्येतून व्यक्त झाले आहे.

थायलंडच्या बुरीराम प्रांतातील फ्नोम रुंग या शिवमंदिराचा अक्ष पूर्वेच्या उत्तरेस सुमारे साडेपाच अंश आहे. ३ ते ५ एप्रिल व ८ ते १० सप्टेंबरच्या सुमारास उगवता सूर्य, आणि मार्च व ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मावळता सूर्य, तेथील एका ओळीतील पंधरा दारांतून आरपार दिसतो. या तारखा विषुवदिनाशी जुळत नाहीत आणि बाराव्या शतकातील मेषसंक्रांतीशीही नाहीत. अक्ष टेकडीच्या उतारानुसार ठरला असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते.